विश्लेषण : कार्टूनचा चेहरा रागाने लाल, भीतीने निळा का होतो? आणि दशावतारातला का होत नाही?

कार्टूनमधले पात्र चिडले की त्याचा चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत लाल भरत जातो आणि शेवटी कानांतून वाफ निघते. घाबरले की ते निळे-पांढरे पडते, मळमळू लागले की हिरवे. तीन वर्षांच्या मुलालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मोबाइलवरच्या इमोजींनीही हीच भाषा उचलली आहे. पण हे रंग आले कुठून? खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ते उमटतात का? आणि सिंधुदुर्गात रात्र-रात्र रंगणाऱ्या दशावतारात तोंडाला रंग लावलेला असूनही तो प्रसंगानुसार का बदलत नाही?

चेहऱ्यावर रंग येतो कुठून?

रक्तातून. चेहऱ्याच्या त्वचेखाली बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. राग किंवा लाज वाटली की या वाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त वरच्या थरात येते आणि गाल, कान, कपाळ लालसर दिसू लागतात. भीतीत उलटे होते. शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते, त्वचेतल्या वाहिन्या आकसतात, रक्त स्नायूंकडे वळते आणि चेहरा फिका पडतो. कडाक्याच्या थंडीत त्वचेतला रक्तप्रवाह मंदावतो. तिथल्या रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ओठ निळसर दिसतात.

म्हणजे लाल, फिका आणि थंडीचा निळा या तीन रंगांना शरीराचा आधार आहे. मळमळीचा हिरवा मात्र बराचसा चित्रकाराचा. उलटी येण्याआधी चेहऱ्यावरची लाली ओसरते आणि त्वचेचा मूळ पिवळसर रंग उठून दिसतो. लालीच्या तुलनेत तो हिरवट वाटतो. तेवढा धागा पकडून कार्टूनने संपूर्ण चेहराच पोपटी करून टाकला.

या विषयावर गांभीर्याने लिहिणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे चार्ल्स डार्विन. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, माणूस आणि प्राणी यांच्या भावनांच्या अभिव्यक्तीवरील पुस्तकात त्यांनी लाजून लाल होण्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. सगळ्या हावभावांत हा सर्वांत खास मानवी हावभाव आहे, असे त्यांचे मत होते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या भावना दाखवणाऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे घेऊन त्यांनी प्रत्येक भावनेत चेहऱ्याच्या कोणत्या भागाचा रंग कसा बदलतो, हे संगणकाने मोजले. आनंदात गाल आणि कानशिलांकडचा भाग लालसर होतो. किळस वाटल्यावर ओठांभोवती एक छटा दिसते आणि नाक-कपाळावर दुसरीच.

खरी मेख पुढे होती. हे रंग त्यांनी कोणताही भाव नसलेल्या, निर्विकार चेहऱ्यांवर चढवले. भुवया, ओठ, डोळे जसेच्या तसे, बदलला फक्त रंग. तरीही पाहणाऱ्यांनी त्या चेहऱ्यामागची भावना नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून कितीतरी जास्त वेळा बरोबर ओळखली. एकही स्नायू न हलवता चेहरा काहीतरी सांगू शकतो, असा याचा अर्थ.

त्याआधी २००६ मध्ये मार्क चांगिझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी धाडसी मांडणी केली होती. माणसाच्या आणि काही माकडांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांची रचना समोरच्याच्या त्वचेतील रक्ताचे बदल टिपण्यासाठी अगदी सोयीची आहे आणि अशी दृष्टी असलेल्या माकडांच्या तोंडावर बहुधा केस नसतात, असे त्यांनी दाखवले. पिकलेली फळे ओळखण्यासाठी ही दृष्टी आली, असे मानणारा दुसरा गट आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

कार्टूनने यात काय भर घातली?

कार्टूनने हा बारीकसा बदल मोठा केला आणि त्याचा वेग वाढवला. कृष्णधवल काळात चित्रकारांकडे रंगच नव्हता. राग दाखवायला वाफ, घामाचे थेंब, उडणारी टोपी अशा युक्त्या होत्या. १९३२ मध्ये डिस्नेच्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या लघुपटात तीन रंगपट्ट्यांचे टेक्निकलर तंत्र वापरले गेले आणि पडद्यावर पूर्ण रंग आला. त्यानंतरच्या दशकांत थर्मामीटरचा पारा चढावा तसा चेहऱ्यावर लाल रंग चढवण्याची युक्ती रुळली.

त्या काळी हे काम किचकट होते. पारदर्शक पत्र्यांवर एकेक चित्र हाताने रंगवले जाई. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. चेहरा सेकंदभरात हळूहळू लाल करायचा तर मधल्या छटा घोटून प्रत्येक चित्रात नेमक्या भराव्या लागत. आता सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीची आणि शेवटची छटा सांगितली की मधल्या सगळ्या छटा संगणक गणिताने काढतो.

प्रत्येक रंगामागे शरीरशास्त्र असतेच असे नाही, याचे सर्वांत गमतीदार उदाहरण म्हणजे हल्क. राग आला की हिरवा होणारा हा मार्व्हलचा नायक १९६२ च्या पहिल्या अंकात करडा होता. छपाईत करडी छटा पानोपानी सारखी येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा रंग दिला गेला. रागाने हिरवे होणारे जगातले सर्वांत प्रसिद्ध पात्र छापखान्याच्या अडचणीतून जन्मले आहे.

आणि इमोजी?

इमोजीचा मूळ चेहरा पिवळा. त्यामुळे त्यावर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग उठून दिसतात. रागाने लाल झालेला चेहरा युनिकोडच्या यादीत २०१० मध्ये आला, मळमळणारा हिरवा २०१६ मध्ये, तर उकाड्याने लाल आणि थंडीने निळा पडलेला अशी जोडी २०१८ मध्ये.

घाबरलेल्या इमोजीचे कपाळ मात्र निळे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर जपानमध्ये आहे, कारण इमोजी तिथलेच. घाबरून फिके पडणे यासाठी जपानी भाषेत जे क्रियापद आहे, त्यात ‘आओ’ म्हणजे निळा हा शब्द आहे. तिथल्या चित्रकथांमध्ये घाबरलेल्या पात्राच्या कपाळावर निळी छाया किंवा उभ्या रेषा काढण्याची रीत होती. तीच थेट आपल्या मोबाइलमध्ये आली.

क्षणात रंग बदलणारा जीव खरेच आहे का?

आहे, आणि तो मालवणच्या बाजारात रोज विकायला येतो. माकूल. काही ठिकाणी त्याला म्हाकूल म्हणतात. त्याच्या त्वचेत रंगाच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीभोवती बारीक स्नायू असतात आणि त्यांना मेंदूकडून थेट आज्ञा मिळते. स्नायू ताणले की पिशवी पसरते आणि ठिपका दिसतो, सैल सोडले की तो नाहीसा होतो. हे सारे सेकंदाच्या अंशात घडते. नुकत्याच पकडलेल्या माकुलाच्या अंगावर ठिपके लुकलुकताना दिसतात ते यामुळेच.

माकूल आणि त्याच्या जातभाईंमध्ये हा रंगबदल लपण्यासाठी, प्रतिस्पर्ध्याला धमकावण्यासाठी आणि मादीला आकर्षित करण्यासाठी होतो. माणसाला लाली थांबवता येत नाही. माकुलाचा रंग मात्र चेतासंस्थेच्या थेट ताब्यात असतो, अगदी अ‍ॅनिमेटरच्या हातात असावा तसा. नवल असे की, या वर्गातील बहुतेक प्राण्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचा एकच प्रकार असतो. इतके रंग खेळवणारा हा जीव स्वतः जवळपास रंगांध असतो.

भरतमुनींनी याबद्दल काय सांगितले आहे?

बरेच काही. नाट्यशास्त्रात चेहऱ्याच्या रंगाला ‘मुखराग’ असे नाव आहे आणि त्याचे चार प्रकार दिले आहेत : स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम. तटस्थ भावात चेहरा स्वाभाविक असावा. शृंगार, हास्य, अद्भुत यांत प्रसन्न म्हणजे उजळ. वीर आणि रौद्रात लाल, आणि करुणातही लालच. भय आणि बीभत्सात श्याम, म्हणजे काळवंडलेला. अंगाची हालचाल थोडी असली, तरी मुखरागाची जोड मिळाली की ती चंद्र उगवलेल्या रात्रीसारखी शोभते, अशा आशयाचे वर्णन तिथे आहे.

आठ सात्त्विक भावांमध्येही ‘वैवर्ण्य’ म्हणजे चेहऱ्याचा रंग पालटणे याची गणना होते. नट हे मुद्दाम कसे करणार? नाडीवर दाब देऊन रंग पालटावा, असा उपायही ग्रंथात सांगितला आहे. चेहऱ्याचा रंग रक्तावर अवलंबून आहे, हे त्या काळच्या नटांना ठाऊक होते, असे यावरून दिसते.

यातला महत्त्वाचा तपशील शेवटच्या प्रकारात आहे. भीतीला पाश्चात्त्य कार्टूनमध्ये पांढरा रंग, जपानी चित्रांत निळा आणि भरतमुनींकडे काळा. मराठीतही दोन्ही धारा दिसतात. घाबरलेला माणूस ‘पांढराफटक’ पडतो. पण वाईट बातमी ऐकून चेहरा ‘काळवंडतो’ किंवा ‘काळाठिक्कर’ पडतो. सावळ्या त्वचेतून रक्त ओसरले की ती पांढरी दिसत नाही. तिचा तजेला जातो आणि ती राखट, काळसर वाटते. या मातीतल्या भाषेने आणि नाट्यग्रंथाने इथल्या त्वचेवर जे दिसते त्याला शब्द दिला.

मग दशावतारात चेहरा का बदलत नाही?

कारण तिथे रंग प्रसंगाचा नसून पात्राचा असतो. कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर यांसारखी मंडळे गावोगाव फिरू लागतात. २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’ या चित्रपटामुळे ही कला कोकणाबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली. आधी गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर, विष्णू यांचा आडदशावतार, मग रात्रभर आख्यान आणि पहाटे दहीकाला. संवाद लिहिलेले नसतात. ते उभ्या उभ्या रचले जातात. सगळे कलाकार पुरुष. राजपार्टी असो की स्त्रीपार्टी, आपले तोंड प्रत्येकजण स्वतःच रंगवतो.

देव किंवा राजा रंगपटातून बाहेर येतो तो उजळ चेहऱ्याने, राक्षस येतो तो भडक रंग आणि जाड काळ्या रेषा घेऊन. तो शांतपणे बोलला तरी रंग तोच राहतो. याला व्यावहारिक कारणही आहे. पूर्वी हे खेळ पलिते, कंदील आणि नंतर पेट्रोमॅक्सच्या उजेडात होत. अंधूक उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, त्यातही लाल रंग लवकर काळपट दिसू लागतो. देवळासमोर शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला नटाच्या गालावरची लाली दिसणे शक्यच नव्हते. त्याला दिसायच्या त्या ठळक भुवया आणि मोठे केलेले डोळे. राग कळायचा तो चढ्या आवाजातून, पायांच्या ठेक्यातून आणि पखवाज-झांजेच्या साथीतून.

याची कसोटी पाहायची तर संकासुराकडे पाहावे. काळा पायघोळ पोशाख, तोंड पूर्ण झाकलेले. त्याच्या चेहऱ्यावर रंग बदलणे दूरच, चेहराच दिसत नाही. तरी मालवणीतून बोलत सगळ्यात जास्त हशा तोच घेतो.

पिंगुळीच्या चित्रांत आणि बाहुल्यांत काय दिसते?

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला जपल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. या कलांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या चित्रांची पोथी असते. एकेक चित्र समोर धरून गायक कथा सांगत जातो. आजच्या अ‍ॅनिमेशनवाल्यांच्या ‘स्टोरीबोर्ड’ला ही पद्धत फार जवळची आहे.

लाकडी बाहुलीचा चेहरा एकदा रंगवला की कायमचा. तिच्या मानेचा झोक, हाताची फेक आणि सूत्रधाराचा आवाज यांनीच ती रागावते किंवा रडते. चित्रकथीतही भाव पोहोचतो तो मोठे डोळे, हातांची ठेवण आणि गाणाऱ्याच्या सुरातून.

‘इनसाइड आउट’ कोणत्या पद्धतीचा?

२०१५ च्या पिक्सारच्या या चित्रपटात भावनाच पात्रे झाल्या. आनंद पिवळा, दुःख निळे, राग लाल, भीती जांभळी, किळस हिरवी. २०२४ च्या दुसऱ्या भागात चिंता नारिंगी झाली आणि मत्सर निळसर-हिरवा. यातला राग शांत असतानाही लालच असतो. म्हणजे हॉलीवूडचा हा चित्रपट कार्टूनच्या नेहमीच्या रिवाजापेक्षा दशावताराच्या पद्धतीने चालतो : एका पात्राला एक रंग.

नाट्यशास्त्रानेही प्रत्येक रसाला एकेक रंग दिला आहे. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कबुतरी, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. ही यादी पिक्सारच्या पात्रांशेजारी ठेवली तर नेमका एकच रंग जुळतो. रागाचा लाल. भीती इथे काळी, तिथे जांभळी. किळस इथे निळी, तिथे हिरवी. मत्सराचे तर भाषेतच जमत नाही. इंग्रजीत मत्सराने माणूस हिरवा होतो, मराठीत तो जळतो.

लाल रंग जुळतो, कारण तो रक्ताने दिला आहे. बाकीचे बहुतेक रंग परंपरेने, छापखान्याने किंवा भाषेने दिलेले आहेत. मुलांना ते ‘आपोआप’ कळतात असे वाटते, पण प्रत्यक्षात ती ते शिकत असतात.

यात चिंतेची बाब कोणती?

कार्टूनची ही रंगभाषा गोऱ्या त्वचेवर बेतलेली आहे. गोऱ्या गालावर लाली चटकन दिसते. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असते. रक्तवाहिन्या त्याच्या खालच्या थरात असतात. रक्त तेवढेच आले तरी वरून दिसणारा बदल कमी असतो. डार्विन यांनाही हे माहीत होते. एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या चेहऱ्यावरच्या जुन्या व्रणाच्या जागी रंगद्रव्य नव्हते आणि ती लाजली की तेवढाच भाग लाल होई, अशी दुसऱ्या एका डॉक्टरची नोंद त्यांनी आपल्या पुस्तकात दिली. सावळा माणूस लाजत नाही किंवा घाबरत नाही, असे नाही. पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

पडद्यावर हा गमतीचा विषय असला तरी दवाखान्यात तो गंभीर होतो. रक्तक्षय, कावीळ, ऑक्सिजनची कमतरता या गोष्टी ‘चेहरा पाहून’ ओळखण्याची सवय सावळ्या रुग्णाच्या बाबतीत दगा देऊ शकते. म्हणूनच डॉक्टर खालची पापणी ओढून पाहतात, जीभ, नखे आणि तळवे पाहतात. यंत्रेही यातून सुटलेली नाहीत. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरबाबत २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातला ऑक्सिजन घातक पातळीवर उतरूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळले. त्याच वर्षी लंडनमधील वैद्यकीय विद्यार्थी मलोन मुकवेंडे याने आपल्या शिक्षकांसोबत, आजारांची लक्षणे गडद त्वचेवर कशी दिसतात हे दाखवणारी पुस्तिका तयार केली. पाठ्यपुस्तकांत बहुतांश चित्रे गोऱ्या त्वचेची होती, हे त्याला खटकले होते.

दुसरा प्रश्न रंगांधतेचा. लाल-हिरव्यात गल्लत होणारी रंगांधता अनुवंशिक असते आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त आढळते. अशा मुलाला रागाचा लाल आणि मळमळीचा हिरवा चेहरा वेगळा ओळखणे अवघड जाते. वेबसाइट आणि अ‍ॅप बनवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत त्यामुळेच एक अट आहे : कोणतीही माहिती केवळ रंगाच्या भरवशावर देऊ नये. चांगले इमोजी ही अट पाळतात. रागावलेल्या चेहऱ्याच्या भुवया खाली ओढलेल्या असतात, मळमळणाऱ्याचे गाल फुगलेले असतात. स्क्रीन कृष्णधवल केली तरी ते ओळखू येतात.

पालक आणि चित्रकारांना यातून काय घेता येईल?

लहान मुलांसोबत कार्टून पाहताना ‘तो लाल झाला म्हणून चिडला’ एवढ्यावर न थांबता त्याच्या भुवया, मुठी, आवाज कसा झाला हेही विचारावे. वर्गातला सावळा मित्र चिडला किंवा घाबरला तर लाल-पांढरा होणार नाही. त्याचा आवाज घोगरा होईल, तो नजर चुकवेल, गप्प बसेल. रंग शोधणाऱ्या मुलाच्या हे ध्यानात येणार नाही.

मराठीत अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांसाठीही यात काम आहे. सावळे पात्र लाजले की त्याच्या गालावर गुलाबी गोळे चिकटवण्यापेक्षा त्वचेची छटा थोडी गडद आणि उबदार करता येते. दुःखात निळ्याऐवजी तजेला काढून घेतलेली राखट छटा देता येते. रंग निवडून झाल्यावर तोच प्रसंग एकदा रंगाविना पाहावा. तरीही राग रागासारखा आणि भीती भीतीसारखी दिसली, तर ते पात्र नीट उभे राहिले आहे. पिंगुळीच्या बाहुल्या आणि झाकल्या तोंडाचा संकासुर या कसोटीला आजही उतरतात.